कोऱ्या कागदावरची सही

मी पूर्वी काय करत होतो असं कोणी विचारलं, की मी "प्रकाशकांकडे होतो" एवढंच सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, साहित्यिकांत ऊठबस असेल, हस्तलिखितं डोळ्यांखालून गेली असतील. मी तो गैरसमज तसाच राहू देतो. खरं सांगायचं तर मी अभिप्राय लिहीत होतो, आणि तेही माझे नव्हे, दुसऱ्यांचे.

त्या काळी पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर आणि फुकट वाटायच्या पत्रकांवर थोरामोठ्यांचे अभिप्राय छापायची पद्धत होती. "प्रत्येक मराठी घरात असावे असे पुस्तक." "लेखकाने विषयाशी समरस होऊन लिहिले आहे." "भाषा सुबोध व ओघवती." असली वाक्यं वाचून ज्यांनी पुस्तकं घेतली, त्यांची मी इथे माफी मागतो. त्यांतली बरीचशी मी गिरगावातल्या एका माडीवर, न खपलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसून लिहिलेली आहेत. वकील, डॉक्टर, मामलेदार, कीर्तनकार, सगळ्यांच्या तोंडून मीच बोललो. मामलेदाराच्या अभिप्रायात दोन ठिकाणी 'व' घालायचा, कीर्तनकाराच्या अभिप्रायात 'रसाळ' घालायचा, आणि डॉक्टरांचा अभिप्राय दोन ओळींत संपवायचा. या विद्येत याहून जास्त शिकण्यासारखं काही नव्हतं.

आमच्या मालकांचं मत असं, की पुस्तक वाचून अभिप्राय देणारा माणूस धोक्याचा. "वाचलं की माणसाला शंका येतात," ते म्हणायचे. म्हणून मी गावोगाव जाताना पिशवीत कोरे कागद ठेवत असे. कागदाच्या तळाशी सही घ्यायची, वर जागा सोडायची, मजकूर मागाहून मुंबईत भरायचा. या प्रकाराला कोणी नाही म्हणालं असेल असं आठवत नाही. मुरबाडला एका साहेबांनी तर पुस्तकाचं नावही न विचारता एकदम तीन कागदांवर सह्या दिल्या. "पुढच्या दोन पुस्तकांनाही होतील," असं म्हणून त्यांनी चहा मागवला. शहापूरच्या एका वकिलांची अट एवढीच, की नावापुढे पदवीची सगळी अक्षरं यावीत. दोन वर्षांनी त्यांच्याकडे गेलो तेव्हा आम्ही भेट दिलेली प्रत टेबलाच्या आखूड पायाखाली होती. त्या वेळी पुस्तकाची पानं जोडलेली यायची, वाचणाऱ्यानं ती सुरीनं कापून घ्यायची. या प्रतीचं एकही पान कापलेलं नव्हतं. आणि याच पुस्तकानं त्यांना "रात्रभर जागे ठेवले" असं मी लिहिलं होतं!

मला या सगळ्यांची किळस यायची. सही देणाऱ्यांची, घेणाऱ्या मालकांची, आणि अभिप्राय छापून आला की तो खरा समजून डोळे पुसणाऱ्या ग्रंथकारांची तर फारच. स्वतःची किळस मात्र येत नसे. मी फक्त कामगार आहे, अशी माझी समजूत होती. शहरात अभिप्राय कोणीच मनावर घेत नाही, मग त्यात पाप कसलं, असंही मी स्वतःला सांगत असे.

मग भातशेतीचं पुस्तक आलं. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला तेव्हा अजून दोनतीन वर्षं अवकाश होता.

ग्रंथकर्ते एका कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. शेतीचा त्यांचा अनुभव म्हणजे गॅलरीतल्या कुंड्यांत लावलेली कोथिंबीर, आणि तीही कावळ्यांनी उपटली होती. पण इंग्रजी पत्रकं वाचून वाचून त्यांना कोकणातल्या शेतकऱ्याच्या अज्ञानाची फार कणव आली होती. त्यांचा विशेष राग राबावर. आमच्या डोंगराकडे भाताचं रोप तयार करायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत पसरतात, वर माती टाकतात आणि ते सगळं भाजून काढतात. त्याला राब म्हणतात. भाजल्यानं तण मरतं, माती मोकळी होते, राख मुरते आणि रोप जोरकस येतं. ग्रंथकर्त्यांनी या चालीला 'रानटी' म्हणून एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं होतं. नुसती नांगरट करा, वर चिमूटभर कुजकं खत टाका, रोप डोलू लागेल, असा त्यांचा निर्वाळा होता.

खेड्यापाड्यांतल्या शाळांच्या कपाटांसाठी हे पुस्तक मंजूर करून घ्यायचं मालकांच्या मनात होतं. त्यांनी मला बोलावलं. "मामलेदार पुष्कळ झाले. आता एक खराखुरा शेतकरी आण. पण सही करणारा बघ. अंगठ्याचा ठसा छापल्यावर डागासारखा दिसतो." मग म्हणाले, "तू तिकडचाच ना?"

मी तिकडचाच होतो. आमचं घर शहापूरला, पण वडिलांची सारी नोकरी डोळखांबच्या शाळेत मास्तर म्हणून गेली. ते वारून तेव्हा चारपाच वर्षं झाली होती. ज्या एका कुणबी शेतकऱ्यानं त्यांना तिथे पाय रोवायला मदत केली, त्यांना मी लहानपणापासून काका म्हणत आलो. शाळेला छप्पर घालायला बांबू त्यांनी आणले, पाड्यापाड्यांत फिरून पोरं शाळेत त्यांनी आणली, आणि मिशा पिकायला लागल्यावर वडिलांसमोर बसून स्वतःच्या नावाची अक्षरंही त्यांनी गिरवली. पाड्यात सही करू लागलेले ते पहिलेच. अक्षरं मोठी, वाकडी, शेवटचं अक्षर ओळ सोडून खाली उतरलेलं. शाळेच्या भिंतीवर कोळशानं, धान्याच्या कणगीवर गेरूनं, जागा मिळेल तिथे त्यांनी ती सही केली होती. आसपासच्या पाड्यांत ज्यांना एकही अक्षर येत नव्हतं, त्यांनाही ती ओळखता यायची.

काकांच्या शब्दाला त्या भागात वजन होतं. त्यांच्या कणगीतलं बी सगळीकडे जायचं. लवकर पिकणारं हळवं भात कुठल्या शेतात टाकायचं, उशिरा पिकणारं गरवं कुठल्या, हे लोक त्यांना विचारून ठरवायचे. सिद्धगड दिसतो त्या अंगाच्या, म्हणजे मुरबाडकडच्या पाड्यांतली माणसं दरसाल उन्हाळ्यात डोंगर उतरून त्यांच्या ओट्यावर येऊन बसायची आणि बी घेऊन जायची. पुढच्या सगळ्या हकिकतीत पणाला लागला तो काकांचा हा शब्द. माझं काहीच पणाला लागलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

शिमग्याच्या आधी मी डोळखांबला गेलो. काका राबासाठी फांद्यांचा भारा टाकून अंगणात घाम पुसत होते. मला पाहून त्यांना आनंद झाला. मी पुस्तक काढलं आणि ते प्रकरण वाचून दाखवलं. ते मन लावून ऐकत होते, मधूनमधून हसत होते.

"लिवणारा कधी चिखलात उतरला नाय," ते शेवटी म्हणाले. "खोल नांगरा बोलतो, ते बरा. बी निवडून घ्या बोलतो, तेही बरा. पण राब नाय भाजला तर आपल्या डोंगरात रोप उठणार नाय रे. तण खाऊन टाकील. हे त्याला कळव."

"कळवतो. काका, तुमचं मत मला छापायचंय. सही द्याल?"

"माझा मत? पुस्तकात?" ते उठले, हात धुऊन आले, धोतराला पुसून कोरडे केले. मी कोरा कागद पुढे केला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "ह्याच्यावर तर काय लिवलेलाच नाय."

"तुम्ही आत्ता जे बोललात ते मी नीट लिहून काढीन. घाईत इथे अक्षर खराब येईल."

"मास्तरांचा अक्षर तुझ्या हातात हाय," असं म्हणून त्यांनी सही केली. बराच वेळ लागला. शेवटचं अक्षर नेहमीसारखं खाली उतरलं. त्या क्षणी मला लाज वाटली होती, हे मी कबूल करतो. आसनगाव स्टेशनात गाडी येईपर्यंत ती टिकली.

माडीवर बसून मी लिहिलं: "मी पिढीजात शेतकरी आहे. प्रस्तुत पुस्तक ऐकून माझे डोळे उघडले. गेल्या साली एका कोपऱ्यात मी सहज राब न भाजता पेरून पाहिले होते. रोप उत्तम आले. माझ्या शेतकरी बंधूंनी राबाचा व्यर्थ खटाटोप सोडावा." मालकांनी वाचून पाठ थोपटली. "व्यर्थ खटाटोप, वा!" म्हणाले. 'एका कोपऱ्यात' हे शब्द मी मुद्दाम घातले होते. काकांचा राब तर सगळ्यांना दिसत होता, एखादा कोपरा कोण तपासणार? इतकं डोकं मी माझ्या आयुष्यात चांगल्या कामासाठी कधी चालवलं नाही.

सहीचा ठसा करून तो पत्रकावर छापला. मामलेदार, डॉक्टर, वकील यांची नुसती नावं आली, काकांची मात्र जशीच्या तशी सही आली, वाकडी, खाली उतरलेली. पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी मुरबाडच्या आठवड्याच्या बाजारी गेलो आणि मिठाच्या व सुक्या मासळीच्या दुकानांपाशी वाटून मोकळा झालो. निम्म्या पत्रकांत बोंबील बांधले जातील अशी माझी खात्री होती.

माझी चूक इथे झाली. मी शहरात शिकलेला धंदा डोंगरात घेऊन गेलो. शहरात छापलेला कागद कोणी वाचत नाही, म्हणून त्यावर काहीही छापता येतं. पाड्यात कागद मुळात येतच नाही. आलाच तर वाचता येणारा माणूस शोधून आणतात, त्याला ओट्यावर बसवतात, एकदा वाचला की परत वाचायला लावतात. शब्द पाठ होतात. मामलेदाराचं मत ऐकून लोक गप्प बसले असतील, कारण मामलेदार भात लावत नाही. पण खाली काकांची सही दिसली. ती त्यांनी त्यांच्या कणगीवर पाहिलेली होती.

शिवाय त्यांना ते हवंही होतं. राबाच्या फांद्या तोडायला जंगलात जावं, तर जंगलाचा शिपाई कोयता हिसकावून घ्यायचा, दिवसभर बसवून ठेवायचा, कोंबडी मागायचा. फांद्यांशिवाय भात होतं असं दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर ते हसले असते. पण काकांनी करून पाहिलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. मुरबाडच्या अंगाच्या दोन पाड्यांनी त्या साली राब भाजला नाही.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी एका कादंबरीसाठी कीर्तनकार शोधत होतो. श्रावणात सुट्टी घेऊन शहापूरला आलो तेव्हा आई म्हणाली, "डोळखांबचे काका दोनदा येऊन गेले. तू कधी येणार विचारत होते. काय काम ते काही सांगेनात." मी दुसऱ्या दिवशी निघालो.

काकांच्या शेताजवळ आलो आणि थांबलो. आजूबाजूला सगळीकडे लावण झालेली होती, हिरवं भात वाऱ्यावर हलत होतं. मधोमध काकांची खालची दोन मोठी शेतं रिकामी पडली होती. नुसता चिखल आणि त्यावर साचलेलं पाणी. त्यांची ती सगळ्यांत चांगली शेतं.

काका ओट्यावर बसले होते. ये म्हणाले, काकींना चहा ठेवायला सांगितला, आईची चौकशी केली. मग आत जाऊन फडक्यात गुंडाळलेलं पत्रक घेऊन आले. "वाच," म्हणाले. "सगळ्यांनी वाचून दाखवला. तुझ्या तोंडून ऐकायचा हाय."

मी वाचलं. 'व्यर्थ खटाटोप' हे शब्द मी भरभर वाचून टाकले.

"हे मी बोललो?"

"नाही."

"मग मी काय बोललो होतो?"

राबाशिवाय आपल्या डोंगरात रोप उठणार नाही असं तुम्ही म्हणाला होता, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. आपल्या आठवणीत काही चूक नाही ना, एवढंच जणू त्यांना पडताळून पाहायचं होतं.

मग काय झालं ते कळलं. पलीकडच्या दोन पाड्यांचं रोप पिवळं, बोटभर उंचीचं आणि तणात बुडालेलं आलं. ती माणसं पत्रक घेऊन काकांच्या ओट्यावर आली. काकांनी आपलं तयार रोप उपटलं, जुड्या बांधल्या आणि भारे त्यांच्या डोक्यांवर दिले. सगळ्यांना पुरलं नाहीच. आणि त्यांची स्वतःची दोन शेतं लावायची राहिली.

"पण काका, तुम्ही त्यांना सांगितलं का नाही? हे माझं बोलणं नाही, त्या मुंबईच्या पोरानं मनचं लिहिलंय, असं सांगायचं!"

"सही कुणाची हाय?"

"तुमची."

"मास्तरांनी शिकवलेली. ती खोटी हाय, असा कसा बोलू?" त्यांनी पत्रक माझ्या हातून घेऊन परत फडक्यात गुंडाळलं. "आणि तुझा नाव घेतला असता तर काय झाला असता? मास्तरांचा पोर शिकला न् खोटा लिवायला लागला, असा झाला असता. मग शाळेत पोरं कोण धाडील? आधीच धाडत नाय. मी त्यांना बोललो, माझाच चुकला. मी एका कोपऱ्यात करून बघितला, तिथे आला, तुमच्यात नाय आला. आता घेऊन जा माझा रोप."

म्हणजे माझं खोटं त्यांनी खरं करून दाखवलं होतं, माझ्याच कोपऱ्यासकट. मला वाटलं, आता ते मला शिव्या देतील. मी वाट पाहत होतो, मला त्या हव्या होत्या. त्यांनी चहाची वाटी पुढे केली आणि म्हणाले, "पी. गार व्हतो."

मी काय करायला हवं होतं ते स्पष्ट आहे. त्या दोन पाड्यांत जाऊन सांगायचं, की हे मी लिहिलं. डोंगर चढायला अर्धा दिवस पुरला असता. मी गेलो नाही. काकांचीच तशी इच्छा आहे, शाळेचं नुकसान होईल, असं म्हणत मी शहापूरला परतलो. काकांनी ते शाळेसाठी केलं होतं. मी मात्र भेकडपणानं गप्प बसलो आणि त्यांचं कारण उसनं घेतलं.

मुंबईला येऊन मालकांना म्हणालो, की तो अभिप्राय काढून टाका, दुरुस्ती छापा. ते खो खो हसले. "दुरुस्ती पुस्तकाची छापतात. अभिप्रायाची दुरुस्ती कधी ऐकलीस?" पुस्तक शाळांसाठी मंजूर झालं होतं. दुसऱ्या आवृत्तीत काकांची सही शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर आली. ग्रंथकर्त्यांनी पेढे आणले आणि मला म्हणाले, "तुमच्या त्या शेतकऱ्याला माझा नमस्कार कळवा. अशी डोळस माणसं खेड्यात असतात, हे पाहून धन्य वाटतं." मी पेढा खाल्ला, आणि नोकरीही सोडली नाही. कीर्तनकार सापडला, कादंबरी "रसाळ" निघाली. पुढे लढाईत कागद मिळेना म्हणून अभिप्रायांची पानं बंद झाली, आणि माझी गरज उरली नाही. नाही तर मी अजूनही लिहीत बसलो असतो.

पुढच्या उन्हाळ्यात मुरबाडच्या अंगाचं कोणी बी न्यायला आलं नाही, हे मला आईकडून कळलं. त्याच्या पुढच्याही नाही. काकांचा राब पेटायचा, शेजारपाजारचे लोक बघायचे आणि आपापलं ठरवायचे. त्यांच्याशी कोणी भांडलं नाही, वाईट बोललं नाही. त्यांना विचारणं तेवढं थांबलं.

नोकरी गेल्यावर मी शहापूरला येऊन राहिलो. लढाई चालू होती, घासलेट परवान्यावर मिळायचं. एका सकाळी कचेरीच्या व्हरांड्यात परवान्यासाठी रांग लागली होती. पुढे काका उभे होते, खूप थकलेले. त्यांचा नंबर आला. कारकून त्यांना ओळखणारा होता, त्यानं टाक शाईत बुडवून पुढे केला आणि कौतुकानं म्हणाला, "या, तुम्हाला तर सही येते."

काकांनी टाक घेतला नाही. "नाय येत," ते म्हणाले, आणि अंगठा शाईच्या डबीत दाबून कागदावर उमटवला. मग बोट धोतराला पुसत वळले, तेव्हा त्यांना मी दिसलो. मी त्यांच्या मागे तिसरा उभा होतो. त्यांनी आईची चौकशी केली आणि निघून गेले.